शंभर नावं

हर्षला टिपणीस रविवारी अकराला आली,
टीपॉयवरचा पेपर उचलून तिनं दुकान मांडलं:
फुलांचे पंच, नक्षीच्या कात्र्या,
सोनेरी बुंदक्यांच्या चिकटपट्ट्या,
आणि एक कागद, जाड, सायीसारखा.
'ॲसिड नाही यात. शंभर वर्षं पिवळा पडणार नाही.'
मी बोटानं पाहिला. चांगला होता.
खोटं कशाला बोलू.

साडेअकरा हजारांचा पहिला संच.
मग माझ्याखाली सहाजणी,
त्यांच्याखाली सहा-सहा,
आणि मी सगळ्यांच्या वर,
कांजूरमार्गच्या या दोन खोल्यांत
पंख्याखाली नुसती पैसे मोजत.

अठ्ठावीस वर्षं पतपेढीच्या काउंटरवर काढलीत मी.
आकडा दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.
सहा. छत्तीस. दोनशे सोळा.
दुधाच्या बिलाच्या पाठीवर उतरत गेले खाली खाली
तर नवव्या पायरीला एक कोटी सत्त्याहत्तर हजार!
म्हणजे कुलाब्यापासून मुलुंड-दहिसरपर्यंत
तान्ह्या पोरांसकट जवळजवळ सगळी मुंबई
हातात कात्री घेऊन बसलेली.
आणि घेणारं कोण?

'ताई, तुम्ही ना फार निगेटिव्ह विचार करता,'
हर्षला म्हणाली. चहा अर्धाच प्यायली.
जाताना फॉर्म ठेवून गेली:
ओळखीची शंभर नावं लिहा.
विचार करू नका, लिहीत जा.

रात्री बसले लिहायला.
मोह नव्हता असं नाही. पतपेढीला पेन्शन नसते
आणि गिझर ऑगस्टपासून बंद आहे.

पहिली नूतन गावकर.
तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी फिरकलेही नाही.
आता जायचं ते कात्र्या घेऊन?
चौथी झुबेदा, ब्लाउजच्या शिलाईत दर वेळी वीस रुपये सोडते.
नवव्या ओळीवर तळमजल्याची मेरी डिसिल्व्हा.
ती नक्की घेईल. तिला कुणालाच नाही म्हणता येत नाही.
म्हणून तिचं नाव खोडलं.
शालनवहिनींचे तीन हजार माझ्याकडेच आहेत अजून,
ते नाव खोडलं नाही, बघत राहिले त्याच्याकडे.
सोसायटीची सेक्रेटरीण. मुलाच्या शाळेतल्या बाई.
पेन सुटलं होतं आता.
तेविसावी उज्ज्वला पाटणकर.

पुढे चोवीस घातलं,
तेव्हा कुठे कळलं.
उज्ज्वलाला जाऊन चार वर्षं होतील.
आम्ही एकाच डब्यातून जेवायचो, कॅश जुळली नाही की
एकमेकींच्या पैशांनी भोक बुजवायचो.
विचार करू नका म्हणाली होती ना हर्षला.
नाही केला.

कपाट उपसलं. एक फोटो मिळाला, एकच,
पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाचा:
चेअरमनच्या खांद्यामागून अर्धी उज्ज्वला,
तोंडात आख्खा पेढा,
कडा सगळ्या पिवळ्या.

मंगळवारी हर्षलाकडे गेले.
गॅलरीत ताडपत्रीखाली खोक्यांची थप्पी,
वर मुलाचे मोजे वाळत घातलेले.
एकही खोकं फोडलेलं नव्हतं.
'दर महिन्याला उचलावा लागतो माल,
नाहीतर सिल्व्हर जातं,' ती म्हणाली,
मोज्यांकडे बघत.
तिच्या नवऱ्याची कंपनी गेल्या दिवाळीत वापीला गेली.
तो नाही गेला.

फॉर्मचं मी काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही.
एक कागद घेतला, तो सायीसारखा,
आणि फोटोचे कोपरे, एक पाकीट.
पावती मागितली. सवय.
तिनं खोकं फोडलं, तारीख घातली, मग थांबली.
'मेंबरच्या दरानं लावू की गिऱ्हाइकाच्या?'
'गिऱ्हाइकाच्या.'

तो दर तिला
पुस्तकात शोधावा लागला.